कानामागे

"साहेब, 'तीळ' लिहू की 'डाग'?" सलूनवाल्या उस्तादांनी एक बोट कीबोर्डवर रोखून विचारलं.

"आधी खुर्ची पुढे घ्या," ग्रंथपाल म्हणाले आणि शेजारी येऊन बसले.

वाचनालयाच्या संगणकावर हल्ली लोक पुस्तकांपेक्षा आजारच जास्त शोधत. ग्रंथपाल सहसा त्यात पडत नसत. पण उस्तादांची गोष्ट वेगळी. त्यांची लेक शिकत होती तेव्हा वाचनालय बंद झाल्यावरही तासभर इथेच अभ्यास करायची. ग्रंथपाल किल्ली हातात धरून तिच्यासाठी थांबायचे. आज ती नर्स होती. केस कापताना उस्ताद दर वेळी तो विषय काढत, आणि ग्रंथपाल दर वेळी म्हणत, "पुरे हो, कात्री चालवा."

"कुणाला झालंय?"

"एका गिऱ्हाइकाला. कानामागे, केसांच्या आत. त्याला आरशात दिसत नाही, मला महिन्याच्या महिन्याला दिसतो. वाढतोय."

"लेकीला विचारलंत?"

"ती म्हणते, लगेच डॉक्टरकडे पाठवा. पण माणूस हट्टी आहे हो! दोनदा सांगायला गेलो, दोनदा पुरतं ऐकून न घेताच हसण्यावारी नेलं. छापलेलं असेल तरच त्याला पटतं."

पहिल्या पानावर मलम होतं, 'आठ दिवसांत तीळ गायब.'

"हे दुकान. सोडा."

दुसऱ्यावर कुणाच्या तरी मावशीची कहाणी होती, थेट स्मशानापर्यंत. उस्तादांचा चेहरा उतरला.

"हेही नको. कुणी लिहिलंय आणि कधी, ते आधी बघायचं."

तिसरं पान कॅन्सरच्या इस्पितळाचं निघालं. खाली डॉक्टरांची नावं, तारीख याच वर्षाची. ग्रंथपालांनी मोठ्याने वाचलं, "कडा वेड्यावाकड्या. एकाच डागात दोन-तीन रंग. आकार वाढत जाणं. यातलं काय काय आहे?"

"सगळंच."

ग्रंथपालांचा आवाज खाली आला. "हे पुढचं वाचा. लवकर काढून टाकला तर बहुतेक जण पूर्ण बरे होतात." ते वाक्य त्यांनी उस्तादांकडून दोनदा वाचून घेतलं आणि पान छापायला टाकलं. "मग वाट कसली बघताय? हाताला धरून न्या त्याला!"

"रागावला तर?"

"रागावू दे. एवढी काळजी करणारा माणूस मिळायला नशीब लागतं. जन्मभर तुमचं नाव घेईल तो."

उस्तादांचे डोळे भरून आले. "नाव तर मीच घेतो त्याचं, साहेब. त्याचे उपकार फिटायचे नाहीत."

ग्रंथपालांना भरून आलं. लोक अजून असे आहेत म्हणायचे. त्यांनी पानावरचाच नंबर फिरवला. "उद्या सकाळी दहाला? चालेल. येतोच म्हणून समजा." फोनवर हात ठेवून ते वळले. "पेशंटचं नाव काय सांगू?"

उस्तादांनी छापलेला कागद उचलला, त्याची नीट घडी घातली आणि ती ग्रंथपालांच्या खिशात सरकवली.

"तुमचंच सांगा, साहेब."