दुसरा उकार

"अण्णा, हात नका लावू, डाग पडतील!" मुलगा ओरडला.

अण्णांचं डोकंच फिरलं. छापखान्यात प्रुफं तपासण्यात चाळीस वर्षं घालवली, पण काचबिंदूनं नजर गेल्यापासून घरात त्यांना कुणी काही विचारीनासं झालं होतं. मुलाच्या दुकानाची नवी पाटी आठवडाभर भिंतीला टेकून उभी होती. कशी झालीय विचारलं, तर उत्तर काय, 'झकास!'

त्यांनी उठावदार अक्षरांवरून बोट फिरवलंच. 'मिक्सर' बरोबर होतं. पुढच्या शब्दाच्या पहिल्याच अक्षराखाली ते अडलं.

"दुरुस्तीच्या 'दु'ला दुसरा उकार दिलाय, गाढवा! पहिला हवा."

"अख्ख्या गल्लीनं पाहिली, अण्णा. कुणी काही बोललं नाही!"

"पाहिली रे सगळ्यांनी," अण्णा करवादले. "बोट कुणी ठेवलं?"