हे म्हणतात

पान उलटायच्या आधीच मास्तर म्हणाले, "कात्री."

वहीत अजून छत्रीचंच चित्र होतं, आणि छत्री तर ते मघाशीच म्हणून मोकळे झाले होते. बोलायला शिकवणाऱ्या थेरपिस्ट मुलीचा हात पानावर तसाच थांबला. शेजारी बसलेल्या मास्तरांच्या बायकोने मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला.

"हे म्हणतात, पुढचं दाखवा," ती पटकन म्हणाली. "घाई फार यांना. पहिल्यापासून."

मास्तर म्हणजे टेलर मास्तर. चार महिन्यांपूर्वी डोक्यात रक्ताची गुठळी झाली, उजवा हात लुळा पडला आणि शब्द गेले. समजायचं सगळं, बाहेर काही यायचं नाही. उरलं होतं ते फक्त "अं". ते एक "अं" करायचे आणि बायको सांगायची, "हे म्हणतात, आज बरं वाटतंय." पुढचं "अं" अगदी तसंच असायचं. "हे म्हणतात, मॅडम किती छान शिकवतात!" थेरपिस्ट हसायची. मास्तर खिडकीकडे बघायचे.

हॉस्पिटलात बोलायला शिकवणारी ही एकटीच. प्रत्येकाला बारा आठवडे. शेवटच्या दिवशी दहा चित्रांपैकी सहांची नावं सांगता आली तर आणखी बारा, नाहीतर खुर्ची यादीतल्या पुढच्याला. तो पुढचा कोण, तेही सगळ्यांना दिसत होतं. दर गुरुवारी बाहेरच्या बाकावर पंचविशीची एक मुलगी बसायची. ओठ एका बाजूला उतरलेले, हात आईच्या हातात. एखाद्या दिवशी कुणी आलं नाही तर आपल्याला आत घेतील, एवढ्या आशेवर यायची. मास्तर येता-जाता तिच्याकडे बघत राहायचे.

"बघू नका हो," बायको पुटपुटायची. "टपून बसल्यात आपल्या खुर्चीवर."

नऊ आठवड्यांत मास्तरांना एकाही चित्राचं नाव सांगता आलं नव्हतं. कप नाही, किल्ली नाही. मग बायकोला दुकान आठवलं. चाळीस वर्षं मास्तर टेप लावून मापं सांगायचे आणि ती वहीत उतरवायची. उंची, छाती, कंबर, खांदा, बाही. क्रम तोच. मध्ये कुणी बोललं की मास्तर पुन्हा उंचीपासून सुरू करायचे; तेवढ्यात गिऱ्हाइकाला पोट आत ओढून घ्यायला सवड मिळायची. यांच्या डोक्यात शब्द राहत नसेल, क्रम राहील, असं तिने धरलं. चित्रांची वही कधी बदलत नव्हतीच. तिने दहाही नावं पाठ केली आणि घरी शिवणयंत्राशेजारी बसवून तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ मास्तरांकडून पाढ्यासारखी घोकून घेतली. सुटा शब्द मागितला तर येत नव्हता. 'कप'वरून ढकललं की गाडी थेट 'दारा'पर्यंत. चित्रं काही दाखवली नाहीत. घरी ती होती कुठे?

आज बारावा, शेवटचा गुरुवार होता. थेरपिस्टने वही मिटली. "काकू, पाठ करून घेतलंत ना?"

"सहा झाली की नाही? तुम्हीच मोजा." तिचा आवाज चढला आणि तसाच खाली आला. "मॅडम, ही खुर्ची गेली की संपलं. मग घरात आम्ही दोघं आणि ते 'अं'. बाराही तास मीच बोलते. विचारते मी, उत्तर मी देते, भांडते मी, समजूतही मीच काढते. किती दिवस पुरणार मी?"

थेरपिस्टने फॉर्म ओढला आणि लिहिलं : दहापैकी सात.

"मी काही पाहिलं नाही, काकू. पुढच्या गुरुवारी या."

बायकोने डोळ्यांना पदर लावला. "हे म्हणतात, देव तुमचं भलं करो."

मास्तरांनी या वेळी "अं"सुद्धा केलं नव्हतं.

त्यांनी डाव्या हाताने वही आपल्याकडे ओढली. एकेक पान उलटत कात्रीपाशी आले आणि चित्रावर बोट ठेवलं. ती वस्तू जन्मभर त्यांच्या हातात होती. त्यांनी तोंड उघडलं. मानेच्या शिरा ताठ झाल्या. बायकोच्या ओठांवर 'का' तयार झाला, तसा त्यांनी तिच्या तोंडावर हलकेच तळवा ठेवला. थांबले. पुन्हा प्रयत्न केला. काही आलं नाही. एक पान मागे, छत्री. काही नाही. आणखी मागे, कुत्रा. नाहीच.

मग थेरपिस्टच्या हातातलं पेन काढून घेऊन त्यांनी 'सात'वर रेघ मारली, कापडावर खडूने मारायचे तशी. डाव्या हाताची, म्हणून वाकडी आली.

ते उठले, दार उघडून बाहेर गेले. बाकावरच्या मुलीसमोर उभे राहिले आणि मागे, खोलीतल्या रिकाम्या खुर्चीकडे बोट केलं.

"अं."

मुलीची आई बावरली. मागोमाग पिशवी घेऊन आलेल्या बायकोकडे तिने पाहिलं. "काय म्हणतात हो हे?"

पाणी कुठे मिळेल विचारतात, असं सांगता आलं असतं. बारा आठवडे काहीही खपलं होतं. बायकोने एकदा त्या खुर्चीकडे पाहिलं. मग मास्तरांकडे. ते तिच्याच तोंडाकडे बघत होते.

"हे म्हणतात," ती म्हणाली, "आत जा. आता तुमची पाळी."