चढावरची होडी

खटकन् आवाज झाला आणि ट्रॅक्टर एकटाच पुढे गेला. मागचा ट्रेलर, ट्रेलरवरची नवीकोरी होडी आणि होडीला मागून खांदे लावलेली अकरा माणसं चढाच्या मधोमध राहिली.

"पिन तुटली!" मनिष ओरडला. "धरा रे! सोडू नका!"

सोडतंय कोण! उधवा गावच्या सुतारानं सहा महिने खपून बांधलेली होडी होती ती, आणि वाढवणचा समुद्र अजून अर्ध्या वाटेवर होता. मनिषची जुनी होडी चार वर्षांपूर्वी, चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यात खडकावर आपटून फुटली. तेव्हापासून हा पठ्ठ्या दुसऱ्यांच्या होड्यांवर जाळी ओढत होता. आता चढाच्या पायथ्याशी मोरी होती आणि मोरीखाली कोरडा ओढा. होडी तिथं गेली असती तर चुलीत घालायला लाकडं तेवढी उरली असती. आणि वाटेत ही अकरा माणसं होती.

चढावर मागे कुणी थांबू नका, असं एकनाथकाकांनी सकाळीच बजावलं होतं. पण ऐकतील ते वाढवणचे कसले! होडी लोटायची म्हणजे घरच्यांचा खांदा लागलाच पाहिजे. ट्रॅक्टर ओढतोय म्हणून काय झालं? तो काय भावकीतला आहे? चढ लागला तशी सगळी मंडळी मागच्या टेम्पोतून धडाधड उतरली आणि किनाऱ्यावर लागतात तशी होडीला लागली. मनिषची बायको जयश्रीसुद्धा पदर खोचून त्यांच्यात घुसली.

आता तीच हौस जिवावर बेतली होती. बाजूला उडी मारावी तर होडी गेली. धरून राहावं तर किती वेळ? दंडाच्या शिरा तटतटल्या, पायाखालची खडी निसटायला लागली. मनिषचा मेव्हणा लहान्या मोठ्यानं देवाचा धावा करत होता.

वर ट्रॅक्टरवाल्या हाल्यानं ट्रॅक्टर थांबवला. त्याच्या शेजारी मडगार्डवर बसलेले एकनाथकाका खाली उतरले. हा माणूस डहाणू रोडला रेल्वेत तीस वर्षं मालगाड्यांचे ब्रेक दुरुस्त करून निवृत्त झालेला. हाल्याचा हा ट्रेलर गेल्या खेपेला ब्रेक न लागल्यामुळे सरळ एका चिकूच्या वाडीत घुसला होता, म्हणून मनिषनं काकांचे पाय धरले होते. काकांनी चार दिवस ट्रेलरखाली उताणं पडून जुनं सगळं काढून फेकलं. भंगारातून ट्रकच्या जाडजूड स्प्रिंगा आणल्या. एक वायर ट्रॅक्टरपर्यंत नेली. पुढं काय केलं ते कुणाला धड कळलं नाही, आणि विचारायला कुणाला वेळही नव्हता.

काका चालत खाली आले. चालत! इथं लोकांचे प्राण कंठाशी आले होते आणि हा बाबा देवळाला प्रदक्षिणा घालावी तसा ट्रेलरभोवती फिरला. चारही चाकांपाशी वाकला. मग मागे येऊन उभा राहिला.

"सोडा हात," काका म्हणाले.

"काका, डोकं फिरलं काय तुमचं?" मनिषचा आवाज चिरकला. "आम्ही धरलीय म्हणून उभी आहे ही!"

"तुम्ही नाही, ब्रेकनं धरलीय. मालगाडीच्या डब्याला असतो तसा केलाय. तो कायम लागलेलाच असतो. ट्रॅक्टरनं वायर ताणून धरली, तरच सुटतो. पिन तुटली, तिच्याबरोबर वायरही तुटली आणि तो बसला घट्ट."

बोलणं सगळ्यांना कळलं. पण आधी हात सोडायचे कुणी? अकरापैकी एकही जण हलला नाही.

मग काका मागच्या चाकामागे गेले. भर रस्त्यात मांडी घातली आणि टायरला पाठ टेकून बसले. वर होडीचं सगळं वजन, खाली काकांचं टक्कल.

"अगं आई!" जयश्रीच्या तोंडून निघालं. तिनं एक हात काढला. थांबली. दुसराही काढला. मग लहान्यानं, मग त्याच्या शेजारच्यानं. एकेक खांदा बाजूला झाला, तरी होडी तसूभरही हलली नाही. शेवटी एकटा मनिष उरला. दोन टनांची होडी आणि तिला धरून बसलेला हा काडीपैलवान! त्याचं त्यालाच हसू आलं, रडूही आलं. त्यानं हात काढले आणि तो मागे सरकला.

होडी आभाळाकडे तोंड करून उभी होती. भर चढावर, कुणाचा हात लागलेला नसताना. माणसं आ वासून बघत राहिली. हाल्यानं पायांतल्या चपला काढून बाजूला ठेवल्या आणि हात जोडले. त्याला कुणी हसलं नाही.

"काका, एवढी खात्री होती तुम्हाला?" मनिषनं विचारलं आणि त्यांना उठवायला हात दिला.

काकांनी तो हात धरला, आणि उभे राहिल्यावरही सोडला नाही. ते होडीकडे नाही, मागच्या चाकाकडे बघत राहिले. डोळे भरून आले होते.

"तीस वर्षं हेच ब्रेक लावले रे," ते म्हणाले. "यार्डात रोज तपासले. पण सुटलेली गाडी खरंच थांबते, हे आज पहिल्यांदा पाहिलं."