समुद्राकाठचं कॉलेज

रत्नागिरीच्या कॉलेजात माझा नंबर लागला, तेव्हा आईनं निरगुडसर गावातलं आमचं घर डोक्यावर घेतलं. "इतक्या लांब, समुद्राकडंला पोरगी ठिवायची? आन् तिथं नापास झाली मंजी?"

पुढं मात्र कांदे निघाले की, बटाटे निघाले की, "पोरगी एकटी पडलीया" म्हणत ती मंचरहून एसटी धरायची. भाकऱ्यांचं गाठोडं माझ्या हातात कोंबायची आणि साडी खोचून अंधार पडेपर्यंत लाटांत उभी राहायची.

शेवटच्या वर्षाचा निकाल लागला, तसं मी गावातल्या दुकानाच्या फोनवर तिला बोलावून घेतलं. "आई, सगळ्या विषयांत पास! आता कायमची घरी येते."

पलीकडनं आई हळूच म्हणाली,



"एकबी विषय ऱ्हायला न्हाई का गं?"