जळका वास

राजारामपुरीतल्या आपल्या हॉटेलात ठेवायला बसलिंगाप्पांनी अमेरिकेहून बोटीनं आलेलं पिनबॉल खेळायचं मशीन घेतलं. एकशेदहा व्होल्टचं ते मशीन आपल्या विजेवर चालवून द्यायचं काम फक्रुद्दीन मिस्त्रीकडं आलं. गडी इतका हरखला, की ट्रान्स्फॉर्मर न जोडताच त्यानं पिन खुपसली. जळका वास सुटला.

दुसऱ्या दिवशी मालक दारात. मिस्त्रीच्या तोंडून निघून गेलं, "आमच्या सलमानं न इचारता थेट लावलं की!"

बसलिंगाप्पांनी मान खाली घातली. "भाभीस्नी बोलू नगा. हिकडं आणायच्या आधी मीच घरात लावलं हुतं. तवाच जळलं. सांगायची लाज वाटली."

मिस्त्री हुश्श करणार, तोच सलमा आतून चहा घेऊन आली.



"चुकलं माझं, अण्णा. आधी ह्यांस्नी इचारायला पायजे हुतं."