कौसल्याबाईंचं वावर

पक्षाघातानं अंथरुणाला खिळलेल्या कौसल्याबाईंनी रुपालीचा हात धरला. "पुसदच्या वकिलाले बोलावलं हाय. माह्यं वावर तुह्या नावानं करून द्याचं हाय मले."

रुपाली एजन्सीकडून त्यांची शुश्रूषा करायला यायची. पेशंटकडून साडीसुद्धा घ्यायची नाही, असा एजन्सीचा नियम. तिनं शेत घ्यायला परोपरीनं नकार दिला, पण आजी ऐकेनात. शेवटी आपल्यावर बालंट नको म्हणून तिनं स्वतःच ऑफिसला फोन करून सगळं सांगितलं.

"बरं केलंस," मॅडम म्हणाल्या. "उद्यापासून तू लोहाऱ्याच्या पेशंटकडे जा."

"पण मॅडम, मी तं नाहीच म्हटलं ना! मंग मलेच काहून काढता?"

"तिथं राहिलीस तर उद्या त्यांची मुलं तुझ्याकडेच बोट दाखवतील."

फोन ठेवून रुपाली चिडूनच आजींजवळ आली. "पाहा, तुमच्या वावरापायी मले जा लागते आता. कायले एवढा हट्ट केला?"

आजींचे डोळे भरून आले. "आधीच्या साऱ्या बाया सोडून गेल्या वं माय. वावर देलं तं तू नाही जाशीन, असं वाटलं मले."