फळ्यावरचं नाव

गारगोटीच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये तीन महिने आम्ही पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा वहीतच शिकत होतो; कॉम्प्युटर कव्हरखाली, धूळ बसते म्हणून. त्या दिवशीचा प्रोग्रॅम साधा: नाव विचारतो, टाकलेल्या नावाला हॅलो म्हणतो. सरांनी मनानंच एक नाव घेऊन उत्तर फळ्यावर लिहिलं: ‘हॅलो राजवीर’. सगळ्या वह्यांत राजवीर उतरला. मी माझं नाव घालून ‘हॅलो क्रांती’ लिहिलं. सरांनी लाल फुली मारून वही भिरकावली. “फळ्यावर काय हाय? डोळं फुटल्यात काय?” माझं डोकं सणकलं. “सर, जो नाव टाकंल, त्याचंच येनार की!” “मला शिकवतीस व्हय?” मी कव्हर ओढून फेकलं, कॉम्प्युटर लावला. वहीच्या शेवटच्या पानावर कीबोर्डचं चित्र काढून मी रोज त्यावर बोटं चालवायची, त्यामुळं प्रोग्रॅमचं टाइपिंग भराभर झालं. पडद्यावर प्रश्न आला: नाव काय? मी खुर्ची सोडली. “टाका तुमचंच नाव.” सर बसले. नावाचं पहिलं अक्षर कीबोर्डवर कुठाय, ते त्यांनी हळूच मलाच विचारलं.